बोटभर पात्यावरचा केसाएवढा तडा

रात्रीचे दोन वाजलेत. विमान पहाटे साडेपाचला पुन्हा निघायचं आहे. इंजिनाची झाकणं उघडी आहेत आणि एक तंत्रज्ञ शिडीवर उभा राहून गिअरबॉक्सला लावलेल्या पान्याने आतला रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता भाग, हाताने हळूहळू फिरवतोय. दुसरा खाली बसून छोट्या पडद्याकडे बघतोय. बोटभर रुंदीच्या भोकातून बोरोस्कोपची लवचिक नळी इंजिनाच्या पोटात गेली आहे. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा आहे. पडद्यावरून एकेक पातं सरकत जातं. "थांब. थोडं मागे. अजून जरा. हां, इथेच."

पात्याच्या पुढच्या कडेवर एक बारीक काळी रेघ दिसतेय. ती काजळी असेल, वरचं कोटिंग उडालं असेल, नाहीतर खुद्द धातूला तडा गेला असेल.

इंजिनाच्या पात्यांची देखभाल आणि दुरुस्ती या विषयाचं मूळ त्या रेघेत आहे. दुरुस्तीची यंत्रं महागडी आणि थक्क करणारी आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगतोच. पण माझ्या मते या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट वेल्डिंग नाही. दिसलं ते काय आहे हे ओळखणं, आणि ते पातं अजून किती दिवस साथ देईल हे ठरवणं, ही खरी कसोटी.

आधी पात्याचं आयुष्य कसं असतं ते बघू. जेट इंजिनात पाती तीन ठिकाणी असतात. पुढे दिसतो तो मोठा पंखा, म्हणजे फॅन. त्याच्या मागे हवा दाबणारा कॉम्प्रेसर. मग इंधन जळतं, आणि त्या जळत्या वायूच्या झोतात सगळ्यात मागे टर्बाइन फिरतं. टर्बाइन त्या झोतातून ताकद काढून घेतं आणि पुढच्या कॉम्प्रेसरला आणि पंख्याला फिरवतं. सगळ्यात जास्त हाल होतात ते जळत्या वायूला पहिल्यांदा सामोऱ्या जाणाऱ्या पात्यांचे, म्हणजे हाय प्रेशर टर्बाइनच्या पात्यांचे. बोईंग ७३७ वर असणाऱ्या सीएफएम५६ इंजिनात अशी ८० पाती एका चकतीवर ओळीने बसवलेली असतात. एकेक पातं बोटाएवढं, पण त्याची किंमत हजारो डॉलर.

आधुनिक इंजिनात या पात्यांवर येणारा वायू १५०० अंश सेल्सिअसच्याही वर असतो. पातं ज्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं तो साधारण १३०० ते १४०० अंशांना वितळायला लागतो. म्हणजे पातं वितळेल अशा आगीत ते काम करतं आणि तरी वितळत नाही. याची कारणं तीन. पातं आतून पोकळ असतं आणि त्यातून कॉम्प्रेसरची हवा खेळवलेली असते. ही 'थंड' हवासुद्धा ५००-६०० अंशांची असते, पण बाहेरच्या आगीपुढे ती थंडच. ती हवा पात्याच्या अंगावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते आणि पात्यावर पातळ चादरीसारखी पसरते. आणि सगळ्यात वर झिर्कोनियाच्या सिरॅमिकचा लेप असतो. चुलीवर ठेवायच्या पातेल्याला बाहेरून राखेचा लेप देतात ना, तसाच हा. फक्त याची जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी, आणि त्याने धातूचं तापमान शंभर अंशांच्या आसपास खाली येऊ शकतं.

उष्णता एवढंच ओझं नसतं. समजा रोटर मिनिटाला १४,००० फेरे घेतोय आणि पातं मधल्या अक्षापासून ३५ सेंटिमीटरवर आहे. हिशेब केला तर पात्याच्या प्रत्येक ग्रॅमवर त्याच्या वजनाच्या सुमारे ७६,००० पट ओढ येते. १०० ग्रॅमचं पातं आपल्या खाचेला साडेसात टनांच्या जोराने खेचत असतं. भरलेला ट्रक एका पात्याच्या मुळाला लटकलाय, तोही लालबुंद तापलेल्या धातूला, असं डोळ्यासमोर आणा.

अशा छळातून पात्याचं जे बिघडतं ते वेगवेगळ्या प्रकारांनी बिघडतं, आणि दुरुस्ती होईल की नाही हे त्या प्रकारावर ठरतं. एक म्हणजे क्रीप. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी तुटत नाही, पण वर्षभरात ओल्या कपड्यांच्या वजनाने खाली येते. तापलेला धातू सततच्या ओढीखाली तसाच कणाकणाने लांबतो. दुसरा थकवा. तार इकडून तिकडे वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते. प्रत्येक उड्डाण म्हणजे पात्याला एकदा तापवणं आणि एकदा गार करणं, म्हणजे तारेला दिलेला एकेक बाक. म्हणूनच या धंद्यात आयुष्य तासांइतकंच 'सायकल'मध्ये मोजतात. एक सायकल म्हणजे एकदा उडणं आणि उतरणं. मुंबई-गोवा अशा छोट्या फेऱ्या मारणारं विमान मुंबई-लंडनवाल्यापेक्षा तासांनी कमी उडतं, पण सायकली भराभर जमवतं.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या हवेशी जवळचा आहे. समुद्रकाठच्या हवेतलं मीठ आणि इंधनातलं किंवा प्रदूषणातलं गंधक गरम पात्यावर एकत्र आलं की धातूला आतून पोखरतं. त्याला हॉट करोजन म्हणतात. समुद्रावर उडणाऱ्या नौदलाच्या विमानांची इंजिनं वरचेवर गोड्या पाण्याने धुतात, ती यासाठीच. आणि धूळ. वाळूत आणि मातीत कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन असतं. सुमारे १२०० अंशांच्या वर त्याची काच होते. ही काच सिरॅमिकच्या लेपात मुरते, गार होताना कडक होते आणि लेपाचे पापुद्रे सोबत घेऊन निघते. लेप गेला की खालचा धातू उघडा पडतो आणि बारीक छिद्रं बुजली की थंड हवेची चादरही फाटते.

ज्वालामुखीची राख म्हणजे याच गोष्टीचा भीषण अवतार. २४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ इंडोनेशियातल्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. राख आत वितळून टर्बाइनच्या तोंडाशी चिकटली होती. विमान इंजिनाविना खाली येत गेलं, आत गार झालेली काच तडकून सुटली, आणि बऱ्याच प्रयत्नांनंतर इंजिनं पुन्हा पेटली. विमान जकार्ताला उतरलं आणि सगळे वाचले.

आता लक्ष ठेवण्याकडे वळू. इंजिन उडत असताना कोणी आत डोकावू शकत नाही, म्हणून बाहेरून नाडी बघावी लागते. सगळ्यात महत्त्वाची नाडी म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, धंद्यातल्या भाषेत ईजीटी. पात्यांची टोकं झिजली की टोक आणि बाहेरचं कवच यांतली फट वाढते. त्या फटीतून वायू काम न करताच निसटतो. मग तेवढाच जोर मिळवायला जास्त इंधन जाळावं लागतं, तापमान वाढतं, आणि वाढलेलं तापमान पात्यांना आणखी झिजवतं. हे दुष्टचक्र आकड्यांत दिसतं. टेकऑफच्या वेळचं ईजीटी आणि त्याची वरची मर्यादा यांतलं अंतर म्हणजे मार्जिन. नव्या इंजिनात ते भरपूर असतं आणि वर्षागणिक घटत जातं. बहुतेक इंजिनं साधारण ३० अंशांच्या हवेपर्यंत पूर्ण जोर देतील अशी बेतलेली असतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर गेला की जुन्या इंजिनाचं मार्जिन किती उरलंय हे पायलटलाही कळतं आणि देखभाल विभागालाही. कॉम्प्रेसर पाण्याने धुऊन त्यातले काही अंश परत मिळवता येतात. ही आंघोळ स्वस्त असते आणि खूप कामाची.

तापमानासोबत रोटरचा वेग, इंधनाचा वापर आणि कंपनं यांचे आकडेही विमान उडता-उडताच जमिनीवर पाठवतं. एखाद्या पात्याचा तुकडा उडाला तर कंपनं एकदम वाढतात. हळूहळू झिजत असेल तर आलेखावरची रेषा महिनोन्महिने तिरकी होत जाते. चांगला इंजिनिअर एकट्या आकड्यावर विसंबत नाही. तो रेषा कुठून निघाली आणि कुठे चाललीय ते बघतो.

एक पद्धत मला फार सुंदर वाटते. इंजिनाच्या कवचात सेन्सर बसवतात आणि प्रत्येक पात्याचं टोक त्यांच्यासमोरून नेमकं केव्हा जातं ते मोजतात. पातं थरथरत असेल तर ते क्षणभर आधी किंवा नंतर पोचतं. टोक सेकंदाला ४०० मीटरच्या वेगाने जात असेल, तर एक मिलिमीटर इकडे-तिकडे म्हणजे अडीच मायक्रोसेकंदांचा फरक. एवढ्या फरकावरून कुठलं पातं कुठल्या लयीत थरथरतंय ते कळतं. तडा गेलेल्या पात्याची लय बदलते. कुंभाराकडून मडकं घेताना आपण टिचकी मारून ऐकतो आणि तडकलेलं मडकं बद्द वाजतं, त्यातलाच हा प्रकार, फक्त कोणी टिचकी न मारता. ही पद्धत मुख्यतः इंजिनाच्या चाचण्यांत आणि वीजनिर्मितीच्या मोठ्या टर्बाइनांत वापरतात.

आकड्यांनी शंका आली, किंवा ठरलेल्या सायकली भरल्या, की सुरुवातीचं ते रात्रीचं दृश्य येतं. बोरोस्कोपने ८० पैकी प्रत्येक पातं बघायचं, कुठलंही दोनदा मोजायचं नाही आणि कुठलंही सुटू द्यायचं नाही. प्रत्येक दोषाला निर्मात्याच्या पुस्तकात मर्यादा लिहिलेली असते. अमुक भागात अमुक लांबीपर्यंतचा तडा चालेल, पण पुढच्या ठरावीक सायकलींत पुन्हा बघा. त्याहून मोठा असेल तर उडायचं नाही. तोच तडा मुळाकडच्या भागात असेल तर लांबी कितीही असो, उडायचं नाही. आजकाल कॅमेऱ्याची चित्रं संगणक तपासतो आणि संशयाच्या जागा खुणावतो, दमलेल्या डोळ्यांना त्याची मोठी मदत होते. सही मात्र माणसाचीच लागते, आणि मला ते बरोबर वाटतं.

पण बघून जे कळत नाही त्याचं काय? १७ एप्रिल २०१८ ला न्यूयॉर्कहून डॅलसला निघालेल्या साउथवेस्ट एअरलाइन्सच्या ७३७ विमानात फॅनचं एक पातं मुळाशी तुटलं. पातं तुटल्याच्या धक्क्याने इंजिनाच्या झाकणाचे तुकडे उडाले, एक खिडकी फुटली आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. विमान फिलाडेल्फियाला उतरवलं गेलं. त्या पात्याने ३२,००० हून जास्त सायकली केल्या होत्या. तडा मुळाच्या त्या भागात होता जो चकतीच्या खाचेत बसतो, म्हणजे पातं जागेवर असताना तिथवर नजर पोचतच नाही. ओव्हरहॉलच्या, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीच्या, वेळी पातं काढून तडे दाखवणाऱ्या प्रकाशमान द्रवाने तपासलं होतं, तेव्हाही तो सापडला नव्हता. अपघातानंतर तीनच दिवसांत अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने जास्त सायकली झालेल्या पात्यांची अल्ट्रासाउंडने तपासणी सक्तीची केली. पोटातलं मूल बघायची सोनोग्राफी आणि हे तंत्र यांचं तत्त्व एकच. आवाजाच्या लहरी धातूत सोडायच्या आणि मधेच कुठून त्या परत येतात ते बघायचं.

त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलूला चाललेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या ७७७ मध्ये पोकळ टायटॅनियमचं फॅन ब्लेड तुटलं होतं. सगळे सुखरूप उतरले. पण चौकशीत जे बाहेर आलं ते या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. ही पाती आतून तपासायला एक खास पद्धत होती. पात्यात उच्च कंपनं सोडायची. तडा असेल तर त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासून तापतात आणि उष्णता टिपणारा कॅमेरा तो तापलेला ठिपका दाखवतो. २०१५ मध्ये या पात्याची अशी तपासणी झाली होती आणि ठिपका दिसलाही होता. तपासणाऱ्याने तो रंगाचा दोष समजला. तंत्र नवीन मानलं गेल्यामुळे ते वापरणाऱ्यांसाठी रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची व्यवस्थाच नव्हती. यंत्राने तडा दाखवला होता, पण माणसाला तो ओळखायला कोणी शिकवलं नव्हतं. होनोलुलूच्या घटनेनंतर तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, डेन्व्हरहून उडालेल्या विमानातल्या त्याच जातीच्या इंजिनाचं ब्लेड पुन्हा असंच आतल्या तड्याने तुटलं.

म्हणून तपासणीच्या खोलीत काय चालतं ते जवळून बघण्यासारखं असतं. इंजिन उघडल्यावर पाती साफ करून एका तेलकट, प्रकाशमान द्रवात बुडवतात. द्रव केसाहून बारीक तड्यातही शिरतो. मग वरचं पुसून, धुऊन काढतात आणि पांढरी पूड लावतात. पूड तड्यातला द्रव टीपकागदासारखी बाहेर ओढते. मग अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पातं धरलं की तड्याच्या जागी हिरवट-पिवळी रेघ चमकते. तपासणाऱ्याने आत आल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही बघायचं नाही असा नियम असतो. उन्हात काळे होणारे चष्मे चालत नाहीत. पात्यावर तेलाचा अंश राहिला असेल तर द्रव आत शिरत नाही, आणि तडा असूनही पातं निर्दोष दिसतं. म्हणून ही तपासणी जेवढी डोळ्यांची, तेवढीच आधीच्या धुण्याची.

दोष दुरुस्त होण्यासारखा असेल तर पुढचं काम सुरू होतं. सगळ्यात साधी दुरुस्ती फॅन आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांची. धावपट्टीवरचा खडा किंवा पक्षी आत गेल्याने कडेला खाच पडते. खाचेच्या टोकाशी ताण साठतो आणि तिथून तडा सुरू होतो. ती खाच घासून गुळगुळीत, गोलसर करायची, एवढंच. कॉम्प्रेसरमध्ये हे बोरोस्कोपच्या भोकातूनच बारीक ग्राइंडर आत घालून करता येतं आणि इंजिन विमानावरून उतरवावं लागत नाही. फॅनचं एखादं पातं बदलावं लागलं तर बऱ्याचदा त्याच्या समोरचंही बदलतात, कारण दोघांचं वजन जुळायला हवं.

टर्बाइनच्या पात्याची दुरुस्ती म्हणजे मोठं प्रकरण, आणि त्याला सगळ्यात जवळचा शब्द आपल्याकडे आहे: कल्हई. जुना लेप आम्लात काढून टाकायचा, भांडं स्वच्छ करायचं, नवा लेप चढवायचा. फरक असा की पात्याचा जुना लेप धातूत थोडा मुरलेला असतो, तो काढताना धातूचाही पातळ थर जातो. आतून पोकळ असलेल्या पात्याची भिंत आधीच पातळ. म्हणून भिंतीची जाडी मोजतात आणि एकाच पात्याला अशी कल्हई मोजक्याच वेळा करता येते.

तडा भरायचा असेल तर आधी त्याच्या आतला ऑक्साइडचा थर काढावा लागतो. नाहीतर भरलेला धातू धरतच नाही. त्यासाठी तापलेल्या भट्टीत फ्लोराइड वायू सोडतात. तो अत्यंत विषारी असतो, पण हट्टी थर दुसऱ्या कशाने निघत नाही. मग तड्यात ब्रेझिंगचा, म्हणजे पात्याच्या आधी वितळणारा, धातू वितळवून भरतात. झिजलेलं टोक लेसरने धातूची पूड वितळवत थरावर थर चढवून पुन्हा उंच करतात. या मिश्रधातूंना साधं वेल्डिंग मानवत नाही, गार होताना शेजारीच नवे तडे जातात. म्हणून काही वेळा पातं आधीच तांबडं होईपर्यंत तापवून, हवा लागू न देता वेल्ड करतात. त्यानंतर बुजलेली छिद्रं पुन्हा पाडायची, नवा लेप द्यायचा, आणि प्रत्येक पात्यातून हवा हवी तेवढी वाहते का ते मोजायचं. शेवटी चकतीवर सगळी पाती बसवून ती वेगाने फिरवत टोकं घासतात. वेगाने फिरताना पाती बाहेर ओढली जाऊन जागेवर घट्ट बसतात, म्हणून ही घासणी फिरतानाच करायची.

आणि दुरुस्ती कुठे करायची नाही तेही ठरलेलं असतं. नव्या इंजिनांतली टर्बाइनची पाती एका अखंड स्फटिकाची असतात. धातूत एरवी असतात ते कण आणि त्यांच्यामधले सांधे या पात्यात नसतात, आणि सांधा नाही म्हणून क्रीपला सहजासहजी वाट मिळत नाही. पण त्याला कुठे ठोका बसलेला असेल आणि मग भट्टीत घातलं, तर त्या जागी नवे कण उगवतात. अखंडपणा गेला की ताकद गेली. त्यामुळे टोकाला वेल्डिंग चालतं, पण मुळाला आणि जास्त ताणाच्या भागाला सहसा हातच लावत नाहीत. भारतात हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने अशी स्फटिक पाती ओतण्याचं तंत्र उभं केलं आणि २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. नागपूरच्या मिहानमध्ये मोठ्या जेट इंजिनांच्या ओव्हरहॉलचं काम चालतं. इथे मराठी मुलामुलींना शिकायला आणि नाव काढायला खरी जागा आहे, असं मला मनापासून वाटतं.

जे पातं मर्यादेत बसत नाही त्याला लाल चिठ्ठी लागते. ते नुसतं भंगारात टाकत नाहीत. आधी कापतात, नाहीतर चेमटवतात, नंबर ओळखू येणार नाही आणि पुन्हा कुठल्या खाचेत बसणार नाही इतकं. चकचकीत धुतलेलं, नवा लेप दिलेलं बाद पातं बाजारात चांगल्या पात्यासारखंच दिसतं. तडा आत असतो.